क्वचित चालणारी गाडी: एकतर नीट चालवा, नाहीतर नीट निजवा

वडिलांनी गाडी चालवणं थांबवलं, त्यानंतर दर रविवारी सकाळी मी खाली जाऊन ती सुरू करायचो. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, एकदोनदा ॲक्सिलरेटर दाबायचा, बंद करून पुन्हा कव्हर घालायचं. आठ-नऊ महिने हे न चुकता केलं. मग एका रविवारी सेल्फ मारला तर नुसताच टक-टक आवाज आला. मेकॅनिकने बॅटरी तपासली, मग वाकून सायलेन्सरवर स्क्रूड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली. गंजाचे पापुद्रे खाली पडले. "दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं चालू ठेवत होतात ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "त्यापेक्षा हात लावला नसतात तर बरं झालं असतं."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पुढे कारण समजलं आणि पटलं. ज्यांची गाडी महिन्यातून एखाद्या वेळीच निघते, किंवा जे काही महिन्यांसाठी बाहेर जाणार आहेत, त्यांनी सगळ्यात आधी हेच समजून घ्यावं. बाकीच्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

पाच मिनिटांत काय बिघडतं

पेट्रोल जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले असले तर ते वाफ होऊन निघून जातं. गार असताना तेच पाणी सायलेन्सरच्या आतल्या पत्र्यावर थेंब धरून बसतं. थंड सकाळी गाडी सुरू करून मागच्या नळीखाली हात धरा, तळव्यावर काळसर पाण्याचे थेंब पडतील. पाच मिनिटांनी इंजिन बंद केलं की उरलेलं पाणी आतच राहतं आणि पुढचा आठवडाभर पत्रा खातं. इंजिन ऑइलमध्येही असंच थोडं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उतरतं. ऑइल पुरेसं तापलं तरच ते उडून जातं, आणि जागेवर उभ्या गाडीचं ऑइल पाच मिनिटांत तापत नाही.

आता बॅटरीचा हिशेब बघा. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, आतले छोटे संगणक हे सगळे थोडा थोडा करंट खात असतात. साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि आठवड्याला ८.४ जातात. समजा पाच मिनिटांत आल्टरनेटरने (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राने) २० अँपिअरने बॅटरी भरली, तरी जमा होतात १.७. म्हणजे दर आठवड्याला बॅटरी घाट्यातच. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी अशाने दीड-दोन महिन्यांत मान टाकते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे निर्णय. आठवड्यातून एकदा, फार तर पंधरा दिवसांतून एकदा, तुम्ही गाडी अर्धा तास रस्त्यावर नेऊ शकता का? जमत असेल तर ती चालवायची गाडी. महिना-महिना जमणार नसेल तर ती निजवायची गाडी. मधला मार्ग, म्हणजे जागेवरच सुरू करून बंद करणं, कृपा करून सोडून द्या.

चालवायची असेल तर

अर्धा तास म्हणजे सलग अर्धा तास, आणि शक्य तितका मोकळा रस्ता. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे गाडी तापली असं आपण धरतो. तो काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान दाखवतो. ऑइल त्याच्यामागून सावकाश तापतं. म्हणून काटा स्थिर झाल्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालू द्या.

डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असेल तर मोकळा रस्ता आणखीच महत्त्वाचा. तो फिल्टर स्वतःतली काजळी जाळून मोकळा होतो, पण त्यासाठी बराच वेळ एकसारख्या वेगाने चालावं लागतं. गल्लीतल्या चकरांनी तो भरतच जातो. अशी गाडी कमीच चालणार हे आधीपासून माहीत असेल, तर मी तरी डिझेल घेऊ नका असंच सांगेन.

त्या अर्ध्या तासात दहा मिनिटं एसी लावा, थंडी असली तरी. कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबरच फिरतं आणि त्याची सिलं ओली ठेवतं. महिनोन्‌महिने एसी बंद राहिला की सिलं सुकून गॅस गळायला लागतो. घर जवळ आलं की एसी बंद करा, पंखा तसाच दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या. आतली ओल सुकते आणि तो कुबट वास धरत नाही. सगळ्या काचा एकदा खाली-वर करा. मागे कुणी नाही हे बघून एकदोनदा ब्रेक जरा जोरात दाबा, म्हणजे डिस्कवरचा गंज घासून जाईल. आणि परत लावताना गाडी आधीच्यापेक्षा हातभर पुढे किंवा मागे उभी करा. टायरचा तोच भाग पुन्हा पुन्हा दबायला नको.

निजवायची असेल तर: आधी धुणं आणि टाकी

पहिलं काम धुण्याचं. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, चिखल हे कव्हरखाली अडकले तर रंगात उतरतात. चाकांच्या कमानींत आणि गाडीच्या पोटाखाली पाण्याचा फवारा नीट मारा. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथे किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच. धुतल्यावर लगेच उभी करू नका. वीस मिनिटं चालवून आणा, वाटेत ब्रेक लावत या. ओल्या ब्रेकने झोपवलेली गाडी जाम ब्रेकने उठते.

त्याच फेरीत टाकी भरून घ्या. रिकाम्या टाकीत हवा जास्त, हवेत ओल जास्त. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा, वरून कोंबू नका. तीन महिन्यांहून जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल टिकवणारं फ्युएल स्टॅबिलायझर आधी टाकीत घाला, वरून पेट्रोल भरा, आणि दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल.

ऑइल बदलायला झालं असेल तर निजवण्याआधी बदला, उठवल्यावर नको. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी मुरलेलं असतं. तेच महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहणं वाईट.

टायर आणि हँडब्रेक

उभ्या गाडीचा टायर महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय हवा सोडतो. कमी हवेत तळाचा भाग चपटा होतो. मग गाडी चालवताना एका लयीत थरथर जाणवते. थोड्या दिवसांचा चपटेपणा काही किलोमीटरमध्ये जातो, फार महिन्यांचा कायमचा राहतो. म्हणून निजवताना नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय हवा जास्त भरा, मात्र टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आतच. नेहमीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. महिन्यातून एकदा कुणाला तरी गाडी पाऊण हात ढकलायला सांगता आली तर फार उत्तम.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून संपत नाहीत, वयाने संपतात. वरून नक्षी अगदी नव्यासारखी असते आणि रबर आतून कडक झालेलं असतं. टायरच्या कडेवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. कधीकधी ते आतल्या बाजूला असतात, टॉर्च घेऊन वाकावं लागतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलायचाच. कडेला बारीक भेगा दिसल्या तर दहा वर्षांचीही वाट बघू नका.

हँडब्रेक ओढून गाडी महिनोन्‌महिने ठेवू नका. ब्रेकचं अस्तर ड्रमला किंवा डिस्कला गंजाने चिकटतं, आणि हँडब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही. सपाट जागा निवडा, गाडी गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पी वर) आणि चाकांना पुढून-मागून दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. सपाट जागा मिळतच नसेल तर सुरक्षितता आधी: हँडब्रेक ओढा आणि अधूनमधून गाडी हलवण्याची सोय करा. बटणाचा हँडब्रेक असलेल्या काही गाड्यांत इंजिन बंद होताच तो आपोआप लागतो. तो कसा सोडून ठेवायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं.

बॅटरी: इथे वेळ द्या

एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर त्याच्या तारा टेकवा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. अर्धवट रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते घट्ट झाले की चार्जर लावूनही पूर्ण सुटत नाहीत. त्यामुळे उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं हे तिचं आयुष्य संपवणं आहे. कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी गोठून फुटूही शकते. भरलेली सहसा गोठत नाही.

जवळ विजेचा प्लग असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्वतःच मोजून थांबणारा आणि गरज लागली की पुन्हा भरणारा चार्जर, ज्याला मेन्टेनर म्हणतात. तो महिनोन्‌महिने लावून ठेवता येतो. जुना, न थांबणारा चार्जर मात्र तसा सोडू नका. चार्जर तुमच्या प्रकारच्या बॅटरीसाठी चालतो ना, हे घेतानाच बघा.

प्लग नसेल तर तार काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी तार. कारण गाडीचं सगळं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. लाल तार आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर तिथेच शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. काळी आधी सुटली की ती भीती राहत नाही. परत जोडताना उलटं: लाल आधी, काळी शेवटी. सुटलेली तार फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा, ती आपोआप परत टेकायला नको.

तार काढण्याआधी दोन गोष्टी आठवा. डिक्की फक्त बटणाने उघडत असेल तर बॅटरीविना ती उघडणार नाही, आणि रिमोटने दारही उघडणार नाही; रिमोटमध्ये लपलेली साधी किल्ली काढून दार तिने उघडतं का हे आधी करून बघा. आणि रेडिओला कोड लागत असेल तर तो लिहून ठेवा. किल्लीविना सुरू होणाऱ्या गाडीचा रिमोट घरात गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीवर टांगू नका. काही गाड्या तो जवळ असेपर्यंत पुरत्या झोपत नाहीत.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर तारा काढून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने घासा. फेस येईल, तो आम्ल मरत असल्याची खूण. झाकणांच्या फटीतून सोडा आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा, तारा घट्ट जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

उंदीर, ओल आणि कव्हर

एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आत बॉनेटखालच्या फोमचे तुकडे, कागदाचे कपटे आणि तारेचं रंगीत प्लास्टिक यांचं व्यवस्थित रचलेलं घरटं निघालं, असं मी स्वतः पाहिलंय. उंदरांना शांत, कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि उभी गाडी तशीच असते. आत खाण्याचा कणही ठेवू नका. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत घेणाऱ्या नळीत बारीक स्टीलच्या जाळीचा बोळा बसवा. विष ठेवू नका. उंदीर मरतो तो एसीच्या नळीत, आणि विष एखाद्या मांजराच्या तोंडी लागतं. डांबराच्या गोळ्यांचा वास एसीत शिरला की निघता निघत नाही आणि तो छातीलाही चांगला नाही. खरा उपाय म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी बॉनेट उघडून टॉर्चने बघणं. लेंड्या दिसल्या की लगेच कळतं.

पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात. ती काढा आणि तिथे तांब्याभर पाणी ओतून बघा: ते चाकाच्या मागून खाली पडायला हवं. तुंबलं तर ते पाणी आतल्या गालिच्यात जातं, आणि गाडीला येणाऱ्या कुबट वासाचं कारण बऱ्याचदा तेच असतं. रबरी मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून बघा.

कव्हर हवा खेळणारं हवं. प्लास्टिकचं कव्हर आतली वाफ अडवतं आणि रंगावर डाग उठवतं. धुळीच्या गाडीवर तर कुठलंच कव्हर घालू नका. वाऱ्याने ते हलतं आणि धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. वायपरचं रबर काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवा.

शेवटी एका मोठ्या कागदावर लिहा: काळी तार काढली आहे, सायलेन्सरमध्ये बोळा आहे, टायरमध्ये हवा जास्त आहे, हँडब्रेक सोडलेला आहे, ठोकळे लावले आहेत. तारीख घाला आणि कागद स्टीअरिंगला बांधा. चार महिन्यांनी गाडी तुम्हीच उठवाल याची खात्री नसते, आणि तुम्ही असलात तरी यातलं एखादं विसरलेलं असतं.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड

मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवा. शंभर टक्के भरून किंवा अगदी तळाला आणून ठेवू नका. मोबाइलवरच्या ॲपमधून गाडीची विचारपूस वारंवार केली तर ती प्रत्येक वेळी जागी होते आणि चार्ज खाते. या गाड्यांतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. नेमकं काय करायचं हे पुस्तकात असतं. केशरी रंगाच्या तारांना मात्र हात लावायचा नाही.

किलोमीटर कमी, तरी तारखा त्याच

सर्व्हिसच्या पुस्तकात "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते" असं लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी दुसरा भागच खरा. ऑइल साधारण वर्षाला. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, कारण ते हवेतून पाणी ओढतं: डॉट ४ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५च्या आसपास उकळू शकतं, आणि उकळलेल्या ब्रेक ऑइलने पेडल खाली जातं. कूलंट पुस्तकात दिलेल्या वर्षांनी. विम्याची तारीखही बघून ठेवा.

उठवताना घाई नको

किल्ली फिरवायच्या आधी वाकून बघा: खाली डाग आहेत का, बॉनेटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आहे का. स्टीअरिंगवरचा कागद वाचा, बोळे काढा. ऑइलची पट्टी, कूलंट, ब्रेक ऑइल पाहा. टायरची हवा नेहमीवर आणा. ब्रेक दाबा: पेडल घट्ट लागलं पाहिजे. ते सावकाश तळाला जात असेल तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला बोलवा.

गॅरेज बंदिस्त असेल तर दार पूर्ण उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो. दार उघडं असलं तरी गाडी सुरू झाली की लगेच बाहेर काढा.

बॅटरी उतरलेली असेल आणि दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल लावणार असाल तर क्रम असा: लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ते टोक लांब. ज्या गाड्यांत केबलसाठी वेगळे बिंदू दिलेले असतात तिथे तेच वापरा.

सुरू झाल्यावर रेस करू नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन लगेच बंद. पेट्रोलचा वास आला तरी बंद. सगळं ठीक असेल तर मिनिटभराने सावकाश निघा. चाक अडकल्यासारखं वाटलं तर जोर करू नका; रिव्हर्स आणि पहिल्या गिअरमध्ये अलगद पुढे-मागे करा. बहुतेक वेळा खट्‌ आवाज होऊन ते सुटतं. नाही सुटलं तर ड्रम उघडावा लागेल, ते मेकॅनिकचं काम.

पहिले काही ब्रेक खरखरतील. तो डिस्कवरचा गंज असतो आणि दहा-बारा हलक्या ब्रेकांत जातो. गाडी एका बाजूला ओढली जात असेल किंवा खरखर गेलीच नाही तर दाखवून घ्या. अर्ध्या तासाने परत आलात की चारही चाकांजवळ हात न टेकवता धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक सुटलेला नाही.

रात्री इंजिनखाली एक मोठा, स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तर गाडी रोजच्या कामाला घ्यायला हरकत नाही. एसी लावला असेल तर स्वच्छ पाण्याचा डाग चालतो. तपकिरी किंवा काळा तेलकट डाग इंजिन ऑइलचा, हिरवा, गुलाबी किंवा निळा बहुधा कूलंटचा. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल समजा आणि गाडी टो करूनच गॅरेजला पाठवा.